मुंबईच्या उकाड्यात कॅम्पर व्हॅन : एसी सगळ्यात शेवटी

कूलरपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची पहिली खरेदी तीच असते आणि मुंबईत ती हमखास वाया जाते. मे महिन्यात नागपुरात दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर पाण्याची वाफ होऊ देऊन हवा फार तर २३ अंशांपर्यंत खाली आणता येते. बरा कूलर त्या वाटेतला ८० टक्के पल्ला गाठतो, म्हणजे तोंडावर २७ अंशांचा वारा येतो. स्वर्गसुख. मुंबईत त्याच दुपारी ३४ अंश आणि ६५ टक्के असतात. इथे तळच साडेअठ्ठावीस अंशांवर लागतो. कूलरमधून येणार साडेएकोणतीस-तीस अंशांची, पाण्याने गच्च हवा. चार अंश कमावले आणि अंगावरचा घाम सुकायची सोय घालवली. वर रात्रभर चालवलात तर गाद्यांना वास आणि प्लायच्या कडांना फुगवटा फुकट.

म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीचं गणित विदर्भापेक्षा वेगळं असतं. ऊन पत्र्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. पोचलंच तर आत झिरपू द्यायचं नाही. झिरपलं तर हवेबरोबर बाहेर काढायचं. इतकं करून जे उरेल, तेवढ्यापुरता एसी. हा क्रम उलटा करून आधी दीड टनाचा एसी बसवलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात. त्यांची बॅटरी रात्री दोनला मान टाकते आणि मग सगळे दारं उघडून डास मारत बसतात.

गाडी उभी कशी करायची

हे फुकट आहे, म्हणून याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. मुंबई १९ अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर इथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर असतो. त्या वेळी बाजूच्या भिंतींना ऊन जवळजवळ लागत नाही, सगळा मारा टपावर. भिंतींना खरा चटका बसतो तो सकाळी आठ ते दहा पूर्वेकडून आणि दुपारी तीन ते सहा पश्चिमेकडून, ऊन तिरपं येतं तेव्हा. त्यामुळे गाडीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि तोंड पूर्वेला ठेवायचं. मागची बाजू, जिथे काच कमी असते, ती पश्चिमेचं ऊन खाते. समोरच्या मोठ्या काचेवर फक्त सकाळचं ऊन येतं, आणि त्याला बाहेरून आच्छादन घालता येतं.

याचा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडे गाडीचं प्रवासी दार डावीकडे, म्हणून सावलीसाठी बाहेर ताणायची कनातही डावीकडेच बसते. तोंड पूर्वेला केलं की डावी बाजू उत्तरेला येते. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत मुंबईत सूर्य जवळपास दिवसभर किंचित उत्तरेच्या बाजूने फिरतो. म्हणजे कनात बरोबर ऊन येणाऱ्या बाजूवर पडते. डिसेंबरात हेच उलटं होतं, पण डिसेंबरात मुंबईत कोण तक्रार करतं?

झाडं निवडताना थोडं वर बघा. आंब्याखाली सावली दाट, पण चीक आणि तुडतुड्यांचा चिकट थर टपावर बसतो, त्यावर धूळ आणि काळी बुरशी चढते, आणि पांढरा टप आठवड्यात करडा होतो. मुंबईतल्या रस्त्यांवरच्या पर्जन्यवृक्षांचीही तीच गत, शिवाय मे अखेरच्या वादळी सरीत त्यांच्या फांद्या कोसळतात. नारळाखाली गाडी लावू नका, कारण सांगायला नको. केळवे किंवा काशिदच्या सुरूखाली सावली विरळ असते पण वारा मोकळा मिळतो, आणि दमट हवेत मिळणाऱ्या सावलीइतकीच वाऱ्याची किंमत आहे. इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये जायचा विचार असेल तर आधी फुटपट्टी काढा. तिथली उंची बहुतेक ठिकाणी सव्वादोन मीटरच्या आसपास, आणि टेम्पो ट्रॅव्हलरवर छताचा पंखा बसवला की गाडी अडीच मीटरच्या पुढे जाते. उड्डाणपुलाखाली सावली भरपूर, पण हवा कोंडलेली आणि डिझेलचा धूर. झोपायची जागा नव्हे ती.

मुंबईत उन्हाळ्यात खारे वारे साधारण अकरा-बाराच्या सुमाराला पश्चिम आणि वायव्येकडून सुरू होतात. ज्या दिवशी पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा दोन-अडीच वाजेपर्यंत येत नाही, तो दिवस शहरात सगळ्यात तापलेला असतो. असा दिवस सकाळीच ओळखता येतो : दहा वाजता समुद्राकडून झुळूक नाही आणि अंग चिकट होण्याऐवजी कोरडं पडतंय. त्या दिवशी खिडक्या बंद आणि पडदे लावलेले ठेवा. वारा फिरला की उघडा.

टप

घराला छत, एसटीला टप. व्हॅनच्या उष्णतेचा निम्म्याहून जास्त हिशेब इथेच लागतो. राखाडी किंवा गडद रंगाचा टप मेच्या दुपारी हात ठेववत नाही इतका तापतो, ६५-७० अंश सहज. तोच पांढरा आणि स्वच्छ असेल तर पंधरा-वीस अंशांनी कमी राहतो. ‘स्वच्छ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पांढऱ्या रंगाचं काम ऊन परत पाठवण्याचं, आणि शहरातली धूळ-काजळी ते काम दोन महिन्यांत बिघडवते. दर पंधरा दिवसांनी टप धुणं हे इन्सुलेशनइतकंच कामाचं आहे. इमारतींच्या गच्चीला लावतात तो उष्णतारोधक पांढरा रंग गाडीवर लावू नका. तो सिमेंटसाठी असतो, पत्र्यावर कंपनाने पापुद्रे धरतो. गाडीचाच पीयू (पॉलियुरेथेन) पांढरा रंग, खाली नीट प्रायमर.

रंगाहूनही भारी पडते ती टपावरची दुसरी सावली. शेतात वापरतात तसं शेडनेट, ७५ किंवा ९० टक्के ऊन अडवणारं, टपापासून १५ ते २० सेंटिमीटर वर ताणून बांधलं की पत्रा जवळजवळ हवेच्या तापमानाला येतो. पांढरं किंवा चंदेरी जाळं मिळालं तर हिरव्यापेक्षा ते घ्या. जमत असेल तर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप वापरा, कोकणात ही युक्ती शतकांपासून चालत आली आहे. यात एकच अट : मधून वारा खेळला पाहिजे. निळी ताडपत्री थेट टपावर अंथरणारे इथेच फसतात. ती स्वतः तापते, पत्र्याला चिकटून असते, आणि खालून येणारा वारा अडवते. त्यापेक्षा उघडा पांढरा टप बरा.

सोलार पॅनेल बसवणार असाल तर तेही सावलीच देतात, पण टपापासून किमान ४० ते ५० मिलिमीटर वर पाहिजेत. पॅनेल २५ अंशांच्या वर जितका तापतो, त्या प्रत्येक अंशामागे वीज सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के घटते. टपाला चिकटवलेला लवचिक पॅनेल ७० अंशांवर पोचला की सोळा ते अठरा टक्के वीज गेली आणि खालचा पत्राही भाजला.

संध्याकाळी सूर्य कलला की टपावर दहा लिटर पाणी ओता. तापलेल्या पत्र्यावरून एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ६८० वॅट-तास उष्णता घेऊन जातं. ओतलेलं सगळं पाणी उडत नाही, बरंचसं ओघळतं, तरी पत्रा दहा मिनिटांत थंड पडतो. दमट हवेत कूलर चालत नाही पण हे चालतं, कारण इथे पाणी हवेवर नाही, ६० अंशांच्या पत्र्यावर पडतंय. पाण्यात मीठ नको. समुद्राचं पाणी ओतलंत तर गंजाची बी पेरलीत.

पत्र्याच्या आत काय भरायचं

हिशेब करून बघू. मध्यम व्हॅनचा टप आतून ४ मीटर लांब, १.८ मीटर रुंद, म्हणजे सव्वासात चौरस मीटर. पत्रा ६० अंशांवर आणि आत ३० अंश धरा. नुसत्या पत्र्यातून साधारण १३०० वॅट उष्णता आत येते. पत्र्याखाली १२ मिलिमीटरचा नायट्राईल रबर किंवा एक्सएलपीई (पॉलिथिनचा) फोम लावला की ती ४३० वॅटवर येते. २५ मिलिमीटरचा लावला तर २५०. ५० मिलिमीटरचा लावला तर १३५.

आकडे नीट बघा. पहिल्या २५ मिलिमीटरने हजाराहून जास्त वॅट वाचवले, पुढच्या २५ ने जेमतेम एकशे पंधरा. आणि त्या पुढच्या २५ साठी डोक्यावरची एक इंच उंची गेली. मुंबईसाठी टपाला २५, भिंतींना १९ आणि दारांना १२ मिलिमीटर पुरेसं आहे. लेह-लडाखच्या थंडीत महिनाभर राहायचं असेल तर गोष्ट वेगळी.

माल निवडताना ओलावा हा एकच निकष ठेवा. काचेची लोकर, म्हणजे ग्लासवूल, कागदावर उत्तम, पण किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत ओली होऊन पत्र्याला आतून कुजवते. बाहेरून काही दिसत नाही, दिसतं तेव्हा भोक पडलेलं असतं. थर्माकोल कंपनाने घासून चुरा होतो आणि प्रत्येक गतिरोधकावर कुरकुरतो. बंद पेशींचा फोम, म्हणजे ज्यात पाणी शिरत नाही तो, हाच हवा. नायट्राईल रबर शीट एसी डक्टवाल्यांकडे मिळते, काळी, मऊ, वाकवता येणारी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला रबर आणि इन्सुलेशनची दुकानं आहेत. तिथे ‘क्लास ओ’ मागा, म्हणजे आगीला कमी दाद देणारी. फवारायचा पीयू फोम स्वस्त नाही, आणि फवारणारा नवशिका असेल तर फुगताना पत्र्याला बाहेरून उंचवटे आणतो.

फॉइल-बबल शीटबद्दल एक मोठा गैरसमज आहे. चकचकीत फॉइल उष्णतेचं प्रारण परतवतं, पण त्यासाठी तिच्यासमोर हवेची फट लागते. निदान २० मिलिमीटर. पत्र्याला थेट चिकटवली की ती एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी उरते. ‘दोन थर मारले तरी तापते’ अशी तक्रार ऐकू येते तिचं कारण हेच.

दुसरी चूक फासळ्यांची. टपाच्या आडव्या लोखंडी फासळ्यांच्या मधल्या जागा भरल्या जातात आणि फासळ्या तशाच राहतात. प्लाय त्यांच्यावरच स्क्रूने आवळला जातो. दुपारी आतल्या छताला हात लावून फिरवा, फासळ्यांची जागा डोळे मिटून सांगता येईल. प्लाय बसवायच्या आधी प्रत्येक फासळीवर ६ मिलिमीटर फोमची पट्टी चिकटवा. खर्च नगण्य, फरक मोठा.

आणि गोंद. साधा सिंथेटिक रबरचा गोंद ६० अंशांवर मऊ पडतो आणि टपाची शीट मधोमध पोट काढून लोंबते. उष्णतारोधक प्रकारचा घ्या. पत्रा आधी थिनरने पुसा, दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दाबा. पत्रा तापलेला असताना हे काम करू नका. सकाळी नऊच्या आत आटपा.

काचा

समोरची काच दीड चौरस मीटरच्या आसपास असते. सरळ ऊन पडलं तर तेवढ्यातून ७०० ते ९०० वॅट आत येतात. आतून लावायची चंदेरी घडी बरी, पण ऊन तोवर काचेच्या आत आलेलं असतं. काच आणि घडी यांच्यामधली हवा तापते आणि वरून केबिनमध्ये सांडते. बाहेरून घातलेलं आच्छादन हेच खरं. ५ मिलिमीटर एक्सएलपीई, एका बाजूने फॉइल, त्यावर चंदेरी ताडपत्री शिवून घ्या. दोन्ही बाजूंना वीतभर कान ठेवा, ते पुढच्या दारांत अडकवून दार लावायचं. वाऱ्याने उडत नाही, कुणी उचलूनही नेत नाही. काठाला चुंबक शिवणार असाल तर त्यांवर कापडाचा दुहेरी थर द्या, नाहीतर वाळूतले लोखंडी कण चिकटून रंगावर ओरखडे येतात.

बाजूच्या खिडक्यांना १० मिलिमीटरचे फोमचे तुकडे, काचेपेक्षा ५ मिलिमीटर मोठे कापून दाबून बसवायचे. काळी फिल्म लावायचा मोह टाळा. मोटार वाहन नियमांच्या नियम १०० नुसार पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वरून चिकटवलेल्या फिल्मवर बंदीही घातली होती. काळी फिल्म दिसली की चलान होऊ शकतं. उभ्या गाडीला सुटी आच्छादनं घालायला कुणाची हरकत नाही.

ड्रायव्हरची केबिन आणि राहायची जागा यांच्यामध्ये छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदा हवाच. डॅशबोर्ड, पातळ दारं, आणि बंद केल्यावरही तासभर धगधगणारं इंजिन, हे सगळं त्या बाजूला. पडद्याने ते तोडलं की एसीला निम्मी गाडीच थंड करावी लागते. पडद्याच्या खाली दोन इंच फट राहिली तर थंड हवा तिथूनच निसटते, कारण थंड हवा जड. तळाला वाळू भरलेली नळी शिवा.

मुलं किंवा कुत्रा बंद गाडीत दहा मिनिटंही नको. उन्हात बंद काचांच्या गाडीतली तापमानवाढ पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक पूर्ण होते.

वारा

छताचा पंखा १४ इंच चौरस भोकात बसतो. कमी वेगात अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपास, पूर्ण वेगात ३ ते ४ ॲम्पिअर, १२ व्होल्टवर. म्हणजे रात्रभर मंद चालवलात तर बॅटरीतले चार-पाच ॲम्पिअर-तास. एवढ्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही.

त्याला नेहमी हवा बाहेर फेकायला लावायचं, आणि खिडकी फक्त एकच, पंख्यापासून सगळ्यात लांबची, सावलीतली, खालच्या बाजूची उघडायची. पंख्याशेजारची खिडकी उघडी राहिली की हवा तिच्यातून येऊन तिथल्या तिथे बाहेर जाते आणि पलंगावर पान हलत नाही. पलंग मागे असेल तर पंखा पुढे आणि मागची खिडकी उघडी. मग वारा अंगावरून जातो. खिडकीचं मोकळं तोंड पंख्याच्या भोकाइतकं तरी हवं. डासांची जाळी बसवली की त्यातलं तीसेक टक्के गेलंच समजा. जाळी काढायची नाही, मुंबईत डेंगी-मलेरिया आहे. खिडकी थोडी मोठी उघडायची.

अंगावर वारा लागला तर दोन-तीन अंश कमी वाटतात. त्यासाठी उशाशी १२ व्होल्टचा एक छोटा पंखा वेगळा ठेवा, १० ते १५ वॅटचा. लॅमिंग्टन रोडला मिळतात. घेताना ब्रशलेस आहे का विचारा, ब्रशवाला रात्री घरघरतो.

टपाला भोक पाडताना फासळी कापू नका. कापलेली कड कानशीने घासून, प्रायमर आणि रंग लावून सुकू द्या. टप सपाट नसतो, त्याला गोलाई आणि खाचा असतात. त्या भरून काढणारी चौकट खाली लागते. चौकट आणि पत्रा यांच्यात ब्युटाईल टेप, वरून पीयू सीलंट. नुसतं सिलिकॉन लावणाऱ्या बॉडीवाल्याला थांबवा. सिलिकॉनवर पुन्हा काही चिकटत नाही, आणि पहिल्या पावसात गळायला लागलं की सगळं खरवडावं लागतं. अशा फेरफारांची आरटीओत नोंद लागते का, ते भोक पाडायच्या आधी विचारा. भारतात मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. चांगला बिल्डर त्याचे कागद दाखवतो.

आता एसी

इतकं झालेल्या गाडीला दुपारी दीड-दोन किलोवॅटची आणि रात्री त्याच्या निम्म्याहून कमी थंड करायची क्षमता पुरते. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. दीड टनाची गरजच नाही. मोठा एसी खोली पटकन थंड करून बंद पडतो, आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. निकाल : २४ अंश आणि तरी चिकचिक. मुंबईत लहान एसी जास्त वेळ चाललेला चांगला.

घरगुती एक टन इन्व्हर्टर स्प्लिट बसवायची पद्धत आपल्याकडे जास्त आहे, कारण सुटे भाग आणि मेकॅनिक कुठेही मिळतात. त्याचा कच्चा दुवा तांब्याची नळी. रस्त्याच्या कंपनाने फ्लेअर नटाच्या (नळी जोडायच्या नटाच्या) गळ्याशी ती तडकते आणि गॅस हळूहळू जातो. बाहेरच्या युनिटला जाडजूड रबरी पाय द्या आणि दोन्ही नळ्यांना एकेक वेटोळं ठेवा, म्हणजे धक्का नटावर येत नाही. युनिट मागच्या बाजूला लावलं तर त्याची गरम हवा परत त्याच्याच पाठीत शिरणार नाही असं बघा. एका नळीचा चाकांवरचा पोर्टेबल एसी मात्र नकोच. तो आतलीच हवा बाहेर फेकतो, आणि तेवढीच दमट हवा फटींतून आत ओढतो.

दुसरा पर्याय टपावरचा डीसी एसी. १२ व्होल्टवर ५० ते ८० ॲम्पिअर खातो. इथे वायर मार खाते. ७० ॲम्पिअर, बॅटरीपासून एसीपर्यंत ३ मीटर जाऊन ३ मीटर परत, आणि वायर १० चौरस मिलिमीटरची : पाऊण व्होल्ट वायरीतच संपतो. लग (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) नीट दाबलेले नसले, फ्यूजचा डबा स्वस्तातला असला, तर आणखी अर्धा. बॅटरी निम्मी भरलेली असते आणि एसी ‘लो व्होल्टेज’ दाखवून बंद. लोक बॅटरी बदलतात, बदलायची असते वायर. ३५ चौरस मिलिमीटरची घाला, लग हायड्रॉलिक दाबयंत्राने दाबून घ्या, आणि १०० ॲम्पिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ठेवा. जमत असेल तर २४ व्होल्टची यंत्रणाच करा, प्रवाह निम्म्यावर येतो.

बॅटरीचा हिशेब असा. नीट बंदिस्त गाडीत २७ अंशांवर एसी रात्री सरासरी ४०० वॅट घेतो असं धरा. आठ तासांचे ३२०० वॅट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, ३०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३८४०, त्यातले ८५ टक्के वापरले तर ३२६०. जेमतेम एक रात्र. घरगुती एसी इन्व्हर्टरवरून चालवलात तर दहा-बारा टक्के इन्व्हर्टर खाणार, तेवढी मोठी घ्या. भरायला ८०० वॅटचे पॅनेल मेमध्ये दिवसाला ३३०० वॅट-तासांच्या आसपास देतात. पण ते उन्हात असतील तर. झाडाखाली गाडी लावली की वीज नाही, उन्हात लावली की गारवा नाही, ही ओढाताण सुटत नाही. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे एक सुटा घडीचा पॅनेल दहा मीटर वायरीवर उन्हात ठेवणं. चालत्या गाडीत ४० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिनच्या विजेवर ही बॅटरी भरणारा) तासाला ५०० वॅट-तास भरतो. पुण्याला जाईपर्यंत निम्मी रात्र भरली.

बॅटरी आणि इन्व्हर्टरलाही उकडतं. सीटखालच्या बंद पेटीत दुपारी ५० अंश होतात. लिथियमचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) ५५-६० अंशांच्या आसपास चार्जिंग तोडतो, आणि इन्व्हर्टर त्याच्या आधीच ताकद कमी करतो. पेटीला खाली-वर जाळी आणि एक छोटा पंखा द्या.

इंजिन चालू ठेवून, एसी लावून झोपायचं नाही. जनरेटर दाराशी ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि त्याने माणसं झोपेतच जातात. त्याचा अलार्म उशाच्या उंचीवर लावा.

दुपारी बाहेरून आल्यावर लगेच एसी लावू नका. आतली हवा ४५ अंशांची असते. सगळी दारं उघडा, छताचा पंखा पूर्ण वेगात, दहा-पंधरा मिनिटं. मग दारं बंद करून एसी. २६ किंवा २७ वर ठेवून उशाचा पंखा लावला की १०-१२ टक्के तरी वीज वाचते, कधी जास्तही.

पाणी

३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत दवबिंदू २६ अंशांच्या वर असतो. म्हणजे २६ हून थंड जे काही असेल, त्याला घाम फुटणार. एसीच्या थंड नळीवर १९ मिलिमीटरचं नायट्राईलचं वेष्टण हवं, सांधे टेपने बंद केलेले. उघडा राहिलेला बोटभर तुकडासुद्धा रात्रीत कपाट ओलं करतो. गादीखाली सलग प्लाय ठेवला तर गादीच्या पोटाला काळी बुरशी येते. तिथे पट्ट्यांची जाळी करा.

आत स्वयंपाक करणं म्हणजे स्वतःच्या एसीशी भांडण. गॅसची एक शेगडी दोन किलोवॅटच्या आसपास उष्णता टाकते, त्यात कुकरच्या शिट्ट्यांची वाफ. वीस मिनिटांचा वरण-भात, आणि एसीचा पुढचा तास ती वाफ गोळा करण्यात जातो. शेगडी कनातीखाली बाहेर काढा. ओले टॉवेलही आत वाळत घालायचे नाहीत.

अगदीच असह्य झालं तर घाट चढा. हजार मीटर वर गेलं की साधारण सहा-साडेसहा अंश उतरतात. इगतपुरी सहाशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेवर. पहाटे पाचला निघा, कारण दुपारी कसाऱ्याच्या चढावर एसी चालू ठेवला की इंजिनचा काटा लाल रेषेकडे सरकतो.

किनाऱ्यावरून परत आल्यावर एसीच्या बाहेरच्या युनिटमधल्या कंडेन्सरच्या जाळीवर, पंख्याच्या बिजागरीवर आणि स्क्रूंवर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा, नाहीतर खारवा ॲल्युमिनियमच्या पात्या खातो. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात टपावर दहा मिनिटं पाइपने पाणी सोडून आत छताच्या पंख्याच्या चौकटीभोवती कोरडा कागद फिरवा. कागद कुठे ओला लागला तर ती कड आत्ताच खरवडून पुन्हा सील करायची.